मुठीतलं मीठ

सणाच्या आदल्या रात्री आमच्या गावठाणात कोणी बोलत नाही.
प्लेगच्या साली केलेला नवस :
घरटी एक माणूस, अनवाणी, मुठीत खडामीठ,
खाडीवरच्या कुरसापासून देवळापर्यंत.
कशासाठी चाललास, हे विचारायचं नाही.
विचारणाऱ्याचं तोंड वाकडं होतं म्हणतात.

मीठ तेव्हा आमच्याच आगरातलं.
आता आगरात एकतीस मजले उभे आहेत, आणि मिंगेल
जांभळी नाक्यावरून पोतं आणतो, खडे निवडत बसतो,
कारण पुडीतलं बारीक मीठ
बोटांच्या फटींतून गळतं,
आणि गळलं तर चाललेलं फुकट.

पुढे संत सेबॅस्तियन, झाडाला बांधलेला,
अंगात पाच बाण.
चार लाकडी. पाचवा रंगाऱ्याने हरवला
तेव्हा आईने आपली क्रोशाची सुई दिली,
डाव्या बरगडीखाली.
मेणबत्ती जवळ आली की तेवढी तीच चमकते.

मी बाल्तझार. वय अठ्ठावन्न. साखर दोनशेच्या वर.
अनवाणी फिरायचं नाही, डॉक्टरांनी बजावलेलं.
निघालो.

घोडबंदर रोड ओलांडताना हवालदाराने गाड्या अडवल्या.
एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून विचारत होता,
कोण गेलं हो? कोण गेलं?
तोंड उघडायची सोय नव्हती.
वर बाल्कन्यांमधून मोबाइलचे उजेड लागले, विझले.

आणि पेट्रोल पंपापाशी पाहिलं तर
दोन माणसं सोडून पुढे पोलू.
अपोलीन. माझी बहीण. दिव्याला दिलेली.
पायांत काही नाही. उजवी मूठ छातीशी.

घरटी एक माणूस.
आमच्या घरचा तर मी होतो.
मग ही कोणत्या घराची चालत होती?

गेल्या मे महिन्यात तिला रजिस्ट्रार कचेरीत नेलं,
रिक्षाचे पैसे मीच दिले.
म्हटलं, वारसाचं काम आहे, इथे आणि इथे सही कर,
तुझ्या गाडीची वेळ होतेय.
चष्मा ती घरी विसरली होती.
माझा खिशात होता.
कारकून म्हणाला, मॅडम, कॅमेऱ्यात बघा.
फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस जसा हसतो तशी ती हसली.
तो फोटो कागदावर छापून आला.
हक्कसोड पत्रावर
माझी बहीण हसते आहे.

उरलेली वाट मी तिच्या टाचा बघत चाललो.
आईसारख्याच, बाजूने फाटलेल्या.
खडी आली, गटाराची झाकणं आली,
कोणाच्या तरी लग्नातल्या फुटक्या बाटलीची काच आली.
ती कशालाही वळसा घालत नव्हती.
माझ्या मुठीत घाम सुटला, मीठ चरचरायला लागलं,
बोटं ढिली करावीशी वाटली.
केली नाहीत. करून सांगणार कोणाला?

देवळाच्या दारात तांब्याचा हंडा ठेवतात.
एकेकाने यायचं, मूठ उघडायची, आत जायचं.
तिच्या खड्याचा आवाज आला. टण्ण.
मी मूठ उघडली तर
तळव्यावर नुसता ओलसर पांढरा डाग.
हंड्याच्या काठाला हात पुसला.
फादरने पाहिलं, नजर वळवली.

बाराची घंटा झाली. आता बोलता येत होतं.
सगळीकडे एकदम गलका, पोरं, बँडवाले पिपाण्या तपासत.
पोलू जवळ आली. मला वाटलं, आता.
ती पुतळ्याकडे बघत होती.
म्हणाली, आयची सुई वाकलीय रे,
उद्या मिंगेलला सांग, सरळ करून घे.
आणि चपला शोधायला गेली.

हंड्यातलं मीठ सणाच्या जेवणात जातं,
सगळ्या घरांचं, एकाच टोपात.
दुसऱ्या दिवशी पंगतीत पहिलाच घास घेऊन मिंगेल ओरडला,
यंदा मीठ जास्त पडलंय!
कोणी वर पाहिलं नाही.
समोर पोलू हांडवा मोडून रश्शात बुडवत होती.
मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.